सात चिंध्या

कोल्हार, जि. अहिल्यानगर
४ नोव्हेंबर २०२५

खाजाचाचांस एंजेलाचा सलाम.

दीड वर्षानंतर पत्र आलं म्हणून घाबरू नका. घरी सगळे बरे आहेत. सगळे म्हणजे पप्पा आणि मी. तुम्हाला फोनवर आता काहीच ऐकू येत नाही, असं तुमची नात मुमताज म्हणाली. "दादांना लिहूनच पाठवा. वाचतात ते, पण गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं," असंही म्हणाली. हे पत्र तेवढं मनात वाचा.

पप्पांच्या ट्रकचं इंजिन मी खाली उतरवलं आहे. करंजी घाटातून ओढून आणल्यापासून गाडी शेवग्याखाली उभी होती. टायर बसले, केबिनमध्ये कोंबड्या अंडी घालायला लागल्या, पण पप्पांनी ती ना विकू दिली ना कुणाला हात लावू दिला. मागच्या रविवारी चर्चमधून आल्यावर चपला काढता काढता ते म्हणाले, "ते कशानं जाम झालं, तेवढं मला मरायच्या आत कळू दे." दीड वर्षात ते माझ्याशी एवढं लांब वाक्य पहिल्यांदाच बोलले. दिवाळीची सुट्टी चालू होती. दुसऱ्या दिवशी वेल्डिंगवाल्या गोरक्षनाथला चेनपुली घेऊन बोलावलं. आता इंजिन पडवीत लाकडी ठोकळ्यांवर आहे, आईच्या शिलाई मशीनच्या शेजारी.

गॅरेजला का नेलं नाही, असं विचाराल. गॅरेजवाला उघडेल, धुईल आणि नव्यासारखं करून देईल. काय झालं होतं तेही त्यात धुऊन जाईल. म्हणून मी घरीच उघडणार आणि घरीच पुन्हा बांधणार.

स्पष्ट लिहिते. इंजिन तुम्ही बांधलंत. अकराव्या दिवशी ते घाटाच्या चढावर जाम झालं. आमचा नोहा चाकामागे दगड लावायला खाली उतरला आणि मागून वळणावर आलेल्या टँकरला तो दिसला नाही. पप्पांच्या डोक्यात एवढंच आहे. माझ्याही. दफनाच्या दिवशी तुम्ही कब्रस्तानाच्या फाटकाबाहेर उभे होता, ते मी पाहिलं. पप्पांनी मान वळवली, तेही पाहिलं. तीस वर्षांची तुमची दोस्ती त्या फाटकाशी थांबली.

मला राग येत नाही, चाचा. रडूही येत नाही. शाळेत पाढे म्हणून घेते, घरी भाकऱ्या करते, त्या खाते. मीठ विसरलं तरी दोघांपैकी कुणाच्या लक्षात येत नाही. भावाच्या मरणानं बाईला असं व्हावं का, हे विचारायलाही कुणी नाही. तुम्हाला विचारायचं म्हणून पत्र लिहिलेलं नाही. इंजिन कसं उघडायचं तेवढं कळवा.

तुमची,
एंजेला दानीएल


पाथर्डी
१२ नोव्हेंबर

एंजेला बेटीस खाजाभाईचा सलाम व दुवा.

पत्र मनातच वाचलं. मशिदीच्या ओट्यावर बसून दोनदा वाचलं.

आधी राग आला. चौथीच्या मुलांना शिकवणारी बाई सहा सिलिंडरचं इंजिन उघडायला निघाली, म्हटलं हिला कुणी धरा. मग आठवलं, सहा वर्षांची असताना तुझ्याकडे तेरा-चौदाचा पाना मागितला की तेरा-चौदाचाच यायचा. नोहा मात्र दर वेळी हातोडी घेऊन यायचा.

ऐक. दिवसाला एकच काम कर. वरच्या झाकणाचे, म्हणजे हेडचे, नट कडेकडून सैल करत मध्ये ये, एकदम काढशील तर हेड वाकेल. पुश रॉड निघतील त्या क्रमानं पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडून खोचून ठेव आणि खाली नंबर लिही. खाली क्रँकच्या दांड्याला धरणाऱ्या बेरिंगच्या टोप्यांवर मी पंचनं ठिपके मारलेत. एक नंबरला एक, दोनला दोन. जिथली टोपी तिथंच गेली पाहिजे.

आणि चिंध्या. उघडं भोक दिसलं की त्यात चिंधीचा बोळा. नट पडला, माती गेली, की संपलं. चिंध्या सातच घ्यायच्या. माझ्या उस्तादांनी सात सांगितल्या, मी सातच घेत आलो. तुझी आई, स्टेलावहिनी, मी दारात दिसलो की न विचारता जुन्या साडीच्या सात फाडून तारेवर टाकायची. वहिनी गेल्यावर तू टाकायला लागलीस. सात आत गेल्या की सात बाहेर. हातात सात आल्याशिवाय मी कधी हेड बसवलं नाही. नोहा गेला त्या इंजिनाचंही मोजूनच बसवलं.

आणखी एक काम. चार नंबरचं बेरिंग आधी बघ. बाकी सगळं राहू दे. बघितलंस की लगेच लिही.

दानीएलला माझं नाव सांगू नको.

खाजाभाई


कोल्हार
२९ नोव्हेंबर

खाजाचाचांस सलाम.

हेड निघालं. शाळा सुटल्यावर रोज दोन तास काम करते. नखांतलं काळं जात नाही. वर्गातल्या मुली आधी कुजबुजायच्या, आता त्यांना सवय झाली. लायनरना ओरखडे आहेत, पण फुटलेलं काही नाही. क्रँक दोघांनी पहार लावूनही हलत नाही. पुश रॉड तुम्ही सांगितल्याप्रमाणे खोक्यात खोचलेत.

पप्पा खुर्ची घेऊन समोर बसतात. मी चुकीचा पाना उचलला की खाकरतात. सर्दी झाल्यासारखं रोज बरंच खाकरणं चालू असतं.

तुमचं नाव सांगू नको म्हणालात, पण मी सांगितलं. त्यांनी पेपरची घडी घातली, पुन्हा उघडली आणि तेच पान वाचायला घेतलं. उठून मात्र गेले नाहीत.

गाडी साफ करताना सीटखाली नोहाचा कंगवा सापडला. त्यात केस होते. तो मी टेबलावर ठेवला आणि चहा टाकला. चहा झाला, आम्ही प्यायलो. कंगवा बघून काहीतरी होईल असं वाटलं होतं. काही झालं नाही.

चार नंबर बघायचं तर इंजिन उलटं करून खालचं तेलाचं चेंबर काढायला हवं. ६ तारखेला, शनिवारी, गोरक्षनाथ येणार आहे.

पण चार नंबरच का, चाचा?

एंजेला


पाथर्डी
४ डिसेंबर

बेटी एंजेला,

तू विचारलंस ते बरं केलंस. आता तू चेंबर काढायच्या आत हे पत्र पोचलं तर बरं.

त्या मार्चमध्ये माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डावा तर पुरता गेला होता. कुणाला सांगितलं नव्हतं. मिस्त्रीला दिसत नाही म्हटल्यावर त्याच्या दारात गाडी कोण लावणार? कानानं तर आधीच दगा दिला होता. मी म्हटलं, हात आहेत. पन्नास वर्षं हातानंच काम केलं. तुझ्या घरचं इंजिन मी बोटांनी चाचपून बांधलं. रोजे चालू होते, दुपारी डोकं गरगरायचं. तीन नंबरची टोपी आवळली ते आठवतं. पाचची आठवते. चारचे बोल्ट शेवटचे आवळले की नाही, ते आठवत नाही. बेटी, मी रोज आठवून बघतो.

अजून सांगतो. ज्या दिवशी ते झालं, त्या सकाळी नोहा पाथर्डीतच होता. ऊसतोडीच्या टोळीचं सामान उतरवून माझ्या दारात आला. म्हणाला, "चाचा, जरा आवाज ऐका की. काईतरी येगळं वाटतंय." मला ऐकू येत नव्हतं. मी इंजिनावर पंजा ठेवला, डोळे मिटले आणि म्हणालो, "लई झ्याक चाललंय. जा बिनघोर." ऐकू येत नाही एवढं बोललो असतो तरी पोरगं गाडी दुसऱ्या कुणाला दाखवायला गेलं असतं.

तो गेला. दीड तासानं फोन आला, तो मुमताजनं घेतला.

डोळ्यांचं ऑपरेशन मी ईदनंतर करून घेतलं. आता सगळं स्वच्छ दिसतं.

दानीएलला हे वाचून दाखव. फाटकाबाहेर उभा राहिलो ते याचसाठी. आत यायचं तोंड नव्हतं.

खाजाभाई


पाथर्डी
५ जानेवारी २०२६

एंजेलास,

तुमचा नाताळ गेला, नवं वर्ष लागलं. तुझं उत्तर नाही. उत्तर काय ते मला कळलं. तक्रार नाही.

कळवायचं एवढंच की मी काम थांबवलंय. पाने, पंच, टॉर्कचा दांडा, सगळं जावयाकडे देऊन टाकलं. मुमताज म्हणते, दादा, आता तर डोळे चांगले झालेत. तिला काय सांगू? काल शेजारच्या अजिनाथनं साधी मोटारसायकल आणली. नट हातात धरला आणि परत ठेवला.

क्रँक घासायला नगरला द्यावी लागेल. इंजिन दुसऱ्या कुणाकडून बांधून घे, पण नीट दिसणाऱ्या माणसाकडून.

खाजाभाई


कोल्हार
३१ जानेवारी

खाजाचाचांस सलाम.

हे पत्र मी चार वेळा लिहायला घेतलं. एकदा तर पोस्टाच्या पेटीपर्यंत नेऊन परत आणलं.

तुमचं कबुलीचं पत्र ९ डिसेंबरला आलं. चेंबर मी ६ तारखेलाच काढलं होतं. गोरक्षनाथ इंजिन उलटं करून गेला होता, पप्पा दाढी करायला गेले होते. मी एकटीच होते.

तेलाच्या जाळीवर एक चिंधी गच्च चिकटलेली होती. तेल वर जायची वाटच बंद. चार नंबर जळालेला होता, पण तीनही, पाचही आणि बाकीचेही तसेच. चारचे बोल्ट उघडायला मला पान्यात पाइप घालून त्यावर लटकावं लागलं. ते तुम्ही आवळले होते, चाचा. चांगले आवळले होते.

चिंधी मी डिझेलमध्ये धुतली. काळं गेलं आणि पिवळं दिसायला लागलं. त्या वेळच्या तुमच्या सात चिंध्या आईच्या निळ्या साडीच्या होत्या, त्या मीच फाडल्या होत्या. ही माझ्या साडीची होती. कडेला मी स्वतः मशीनवर मारलेली दुहेरी शिलाई होती.

मग आठवलं. तो उत्तम शुक्रवार होता, गुड फ्रायडे. पप्पा बारालाच चर्चला गेले होते. तुम्ही जुम्म्याच्या नमाजला गेला होता. घरी आम्ही दोघंच. मी पांढरी साडी इस्त्री करत होते, आणि चर्चच्या कर्ण्यावर येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांतला तिसरा चालू झाला होता. नोहा बाहेरून ओरडला, "ताई, अजून एक चिंधी दे गं. टॅपेटच्या बाजूचं ह्ये भोक उघडं ऱ्हायलंय." मी वैतागले. तारेवर हाताला आली त्या साडीचा काठ टरकावला आणि फेकला. त्यानं बोळा कोंबला, हात धुतले, पांढरा शर्ट घातला. आम्ही पळतच गेलो. चौथ्या उद्गाराला मागच्या बाकावर होतो. तीन वाजून गेल्यावर परत आलो तेव्हा तुम्ही हेड बसवलेलं होतं आणि धुतलेल्या सात चिंध्या तारेवर होत्या. सगळ्या निळ्या. आठवा पिवळा बोळा त्या भोकातून खाली तेलात उतरला असणार. नोहा विसरला. मी तर लक्षातही ठेवलं नव्हतं.

ती मी शिलाई मशीनच्या खणात लपवली. जाळी धुऊन ठेवली. तीन दिवसांनी तुमचं पत्र आलं, ते मी पप्पांना मोठ्यानं वाचून दाखवलं. मधे थांबलेही नाही. वर्गात धडा वाचते तसं वाचलं. पप्पा म्हणाले, "मला ठाऊक होतं." त्यानंतर ते जेवले, चांगले दोन भाकऱ्या जेवले. नाताळात चर्चमध्ये, न्हाव्याकडे, जिथं जातील तिथं सांगत राहिले की खाजानं कबूल केलं. त्यांचं एक ओझं गेलं होतं, आणि मी ते जाऊ दिलं. तुम्ही दोषी ठरलात ते मला सोयीचं झालं. याची मला लाज वाटते, आणि दीड वर्षात मला वाटलेली ही पहिलीच गोष्ट आहे.

तुम्ही हत्यारं देऊन टाकल्याचं वाचलं तरीही मी तीन आठवडे गप्प राहिले. क्रँक नगरला नेली, घासून आणली, नवे बेरिंग आणले. ते बसवायला बसले आणि खणातून कोरडी चिंधी काढायला गेले, तर हातात तीच आली.

परवा ती पप्पांसमोर ठेवली आणि सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "त्यानं मागितली की तू दिलीस?" मी म्हटलं, त्यानं मागितली आणि मी दिली. ते उठून शेवग्याखाली गेले आणि गाडीच्या बंपरवर बसून राहिले. मी दोनदा बोलवायला गेले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा म्हणाले, "मी त्याला फाटकाबाहेर ठेवला." तुमच्याबद्दल म्हणाले.

माझ्याशी अजून फारसं बोलत नाहीत. काल मात्र खुर्ची सोडून खाली बसले आणि पिस्टन ब्रशनं घासून दिले. सहाही. कुणाला हात लावू दिला नाही. रात्रीच्या प्रार्थनेत नोहाचं नाव घेतलं, मग तुमचं, मग माझं. माझं शेवटी, पण घेतलं.

मला माफ करा असं लिहायला हवं. लिहिलं. ते पुरेसं नाही हे मलाही दिसतं.

इंजिन बांधायचं राहिलंय. हे पत्र पप्पांनी वाचलंय. खाली त्यांनी काय लिहिलं, ते मला दाखवलं नाही. आता पाकीट तेच चिकटवतील.

एंजेला

खाजा, ये.
दानीएल


पाथर्डी
९ फेब्रुवारी

एंजेला बेटीस सलाम व दुवा.

पाकीट फोडलं आणि आधी तळचंच दिसलं. तीस वर्षांत दानीएलनं मला काही लिहिलं असेल तर गॅरेजच्या भिंतीवर खडूनं, "गाडी नेली." हे दुसरं. वरचं नंतर वाचलं. पुन्हा ओट्यावर गेलो आणि वाचलं.

मला वाटलं होतं, माझी चूक नव्हती असं कुणी सांगितलं तर छातीवरचा दगड उतरेल. तू सांगितलंस. दगड उतरला की नाही ते कळत नाही. त्या जागेवर हात फिरवून बघतो, तिथं काहीच लागत नाही. पंजा ठेवून "जा बिनघोर" म्हणालो ते तर माझंच आहे. ते तुझ्या पत्रानं जात नाही.

तुझ्यावर रागवायचं म्हणून बसलो होतो. सात आठवडे गप्प बसलीस, त्याचा राग आहे. समोर आलो की रागवीन, तेवढा हक्क ठेव. पण चिंधीचा राग कुणावर काढू? उघडं भोक दिसलं की बोळा, हे नोहाला मीच शिकवलं. त्यानं बरोबर केलं. मागितली म्हणून तू दिलीस. मी सात मोजल्या आणि सात भरल्या. तिघांनी बरोबर केलं आणि पोरगं गेलं. याचं काय करायचं ते मला माहीत नाही. तुझ्या पाद्रीसाहेबांना माहीत असलं तर विचारून ठेव. मी आमच्या मौलवींना विचारलं, त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. त्यासाठी मला ते बरे वाटले.

भाकरीला मीठ लागत नाही म्हणालीस. माझंही तसंच आहे. हे पहिल्या पत्राच्या उत्तरात लिहायचं होतं, तेव्हा धाडस झालं नाही.

सोमवारी, १६ तारखेला, सकाळच्या एसटीनं येतो. रमजान लागायच्या आत इंजिन बांधून व्हायला हवं. हत्यारं जावयाकडून परत आणली. त्यानं तेवढ्यात दोन पाने हरवलेत. दानीएलला म्हणावं, खुर्ची काढून टाक, खाली बस, आता मला दिसतं, खाकरायची गरज नाही. खाकरलास तरी मला ऐकू येणार नाही.

चिंध्या फाडून ठेव. या वेळी सात म्हणून फाडू नको. लागतील तेवढ्या फाड आणि फाडशील तेवढ्या रेघा पडवीच्या चौकटीवर खडूनं मार. मधे कुणी आणखी एक मागितली तर दे, पण देण्याआधी उठ आणि रेघ मार. मग दारात चर्चचा कर्णा वाजो की अजान होवो. शेवटी मी मोजीन, मग तू मोज, मग दानीएलला मोजू दे. तिघांचा आकडा रेघांशी जुळल्याशिवाय हेड बसणार नाही.

ती पिवळी खणात असेल तर टाकू नको. पहिली रेघ तिची मार.

खाजाभाई